दोन धन्यांचा मुलूख



‘दक्षिणेकडची संस्थाने’ असा विषय संयोजकांनी सुचवला तेव्हा त्यांच्या मनात मिरज, सांगली, जमखंडी ही पटवर्धनांची घराणी असणार. त्यांच्यावर इथे मिरजेत आजवर भरपूर बोलून झाले आहे. मी आज थोडा खाली सरकतो. कृष्णा ओलांडली, मलप्रभा ओलांडली की तुंगभद्रेपर्यंत काळ्या रानाचा सपाट मुलूख लागतो. अठराव्या शतकात तिथे नरगुंद, रामदुर्ग, कित्तूर, सावनूर अशी लहान राज्ये होती. उत्तरेला पुणे, पूर्वेला हैदराबाद आणि १७६१ पासून दक्षिणेला हैदरअलीचे श्रीरंगपट्टण. या मोठ्यांच्या मधोमध ही मंडळी जगली कशी आणि बुडाली कशाने, एवढेच आज पाहायचे आहे.

मिरजेला या प्रकरणात नुसते श्रोते म्हणून बसता येणार नाही, हे आधीच सांगतो. थोरल्या माधवरावांनी मिरजेचा किल्ला गोविंद हरी पटवर्धनांच्या हवाली केला तो एक डोळा कोल्हापूरकरांवर आणि दुसरा याच दक्षिण सरहद्दीवर राहावा म्हणून. नरगुंदच्या मदतीला गेलेली फौज इथल्या पटवर्धनांची होती आणि परत फिरली तीही त्यांचीच.

दोन मोठे शेजारी भांडले की मधला लहान चिरडला जातो, असे आपण सर्रास म्हणतो. ते खोटे नाही, पण त्याने निम्मीच गोष्ट कळते. मला कागदांत दिसते ते असे, की या राज्यांना खरा धोका दोघांच्या लढाईत नव्हता, दोघांच्या तहात होता. लढाई चालू असे तोवर दोघांनाही त्यांची गरज असे. तह झाला की त्यांची नावे एखाद्या कलमात येत, आणि त्या कलमावर बोलायला त्यांचा वकील तिथे बसलेला नसे.

दोन धनी असणे म्हणजे व्यवहारात काय, ते आधी पाहू. देसाई किंवा नवाब खंडणी देई, पण पुरती कधीच देत नसे. काही रोख, काही सावकाराच्या हवाल्यावर, बाकी पुढच्या सालावर. ही बाकी बुडवेगिरीने राही तितकीच हिशेबाने राही. सगळी रक्कम चुकती केली तर धन्याला तुमच्यात गोडी उरत नाही, आणि दुसऱ्या दिशेने फौज आली तर तिला द्यायला हातात काही राहत नाही. तेव्हा पुण्याला सांगायचे, श्रीरंगपट्टणच्या स्वारांनी यंदा मुलूख धुऊन नेला. श्रीरंगपट्टणला सांगायचे, पुण्याचा तगादा पाठीस लागला आहे. आणि दोन्ही सबबी पुष्कळदा खऱ्याच असत. बाकीचे घोंगडे भिजत ठेवणे हीच त्यांची परराष्ट्रनीती होती.

त्याचा भार पडे तो रयतेवर. दसऱ्याला सीमोल्लंघन झाले की फौजा निघत, म्हणजे नेमके शाळू पेरायच्या आणि वाढायच्या दिवसांत. घोडदळ घासदाणा मागे. मोठ्या फौजेचा तळ एका गावाभोवती आठवडाभर पडला तरी वैरणीची गंज शिल्लक राहायची नाही. धान्य पेवात असे. सांगली-हरिपूरच्या हळदीच्या पेवांमुळे इथे कोणाला पेव समजावून सांगायला नको: जमिनीत हंड्यासारखा खोल खड्डा, वर माणूस उतरेल एवढे तोंड, आणि ते बुजवून सारवले की ओळखू न येणारी जागा. पेशव्यांच्या दप्तरात फौजेने पीक तुडवले म्हणून गावाला दिलेल्या सुटीला ‘पायमल्ली’ असे सरळ नाव आहे. नुकसान वर्षाकाठी होणारच, म्हणून त्याचे खातेच उघडलेले होते. पण एका धन्याच्या फौजेने तुडवलेले पीक दुसऱ्याच्या हिशेबात पायमल्ली म्हणून धरायचे की नाही, हा वाद गावाने कोणापुढे मांडायचा?

आता सावनूर. हे गाव आपल्याकडे विड्याच्या पानांसाठी ठाऊक आहे. कोणी तिथल्या मठाच्या आवारातली गोरखचिंचेची तीन अवाढव्य झाडे पाहून आले असेल. नवाब मियाना पठाण, मूळ विजापूरच्या आदिलशाहीच्या चाकरीतले घराणे. ही माणसे गरीब बिचारी होती असे समजू नका. १७५० च्या डिसेंबरात जिंजीजवळ निजाम नासिरजंग मारला गेला. त्या कटात कडप्पा आणि कर्नूलच्या पठाण नवाबांबरोबर सावनूरकरही होते. दोन महिन्यांनी त्याच मंडळींनी त्याच्या जागी आलेल्या मुजफ्फरजंगाचाही निकाल लावला, आणि त्या चकमकीत कर्नूल आणि सावनूरचे नवाबही मेले. लहानांनी मोठ्याची गादी दोनदा रिकामी केली, हे दक्षिणेतले सगळे दरबार पुढे विसरले नाहीत.

नानासाहेब पेशव्यांची नोकरी सोडून गेलेला मुजफ्फरखान गारदी सावनूरला आश्रयाला गेला. गुत्तीचे मुरारराव घोरपडेही नवाबाला मिळाले. मग १७५६ च्या उन्हाळ्यात एक नवल घडले. एरवी एकमेकांचे गळे धरणारे पुणे आणि हैदराबाद एकत्र येऊन सावनूरला वेढा घालून बसले. निजामाबरोबर फ्रेंच सेनापती बुसी होता आणि त्याच्या तोफांनी वेढ्याचा निकाल लावला. नवाब अब्दुल हकीमखानाला मुलूख तोडून देऊन तह करावा लागला. शहाणा नवाब यातून एक गोष्ट शिकला असणार: आपले दोन शेजारी एका तंबूत बसले की आपण बुडालो. पुढची तीस वर्षे तो तशी वेळ येऊ नये म्हणून झटताना दिसतो.

पानिपतानंतर पुणे खचले आणि तिकडे हैदर वर आला. १७६३ मध्ये त्याने बेदनूर घेतले, पुढच्या वर्षी सावनूरवर चालून आला. माधवराव खाली उतरले, रट्टीहळ्ळीला हैदरला मागे रेटले आणि १७६५ च्या तहात सावनूरवरचा हक्क त्याच्याकडून सोडवून घेतला. माधवरावांच्या मृत्यूनंतर, नारायणरावांच्या खुनानंतर पुण्यात भाऊबंदकी माजली तेव्हा हैदर पुन्हा वर सरकला आणि कृष्णेपर्यंत आला. १७७६ मध्ये गुत्ती पडली, मुरारराव कब्बलदुर्गच्या कैदेत गेले ते परत आले नाहीत. १७७९ मध्ये चित्रदुर्ग गेले. त्याच वर्षी सावनूरच्या नवाबाने काय केले? हैदरशी सोयरीक केली. नवाबाच्या थोरल्या मुलाला हैदरची मुलगी, नवाबाची मुलगी हैदरच्या धाकट्या मुलाला. साटेलोटेच.

आपल्याकडच्या जुन्या लेखकांनी यावर नाक मुरडले आहे. मराठ्यांनी वाचवलेला नवाब हैदरचा व्याही झाला, याला त्यांच्या लेखी एकच नाव होते: बेइमानी. मला हे पटत नाही. ज्याने वाचवायचे ते पुणे त्या वेळी स्वतःच्या वारसाच्या भांडणात आणि इंग्रजांशी लढण्यात गुंतलेले होते. नवाबाने आणखी कोणाकडे पाहायला हवे होते? शिवाय हा निवाडा आपण ज्या पत्रांवरून करतो ती कोणाची? वासुदेवशास्त्री खरे या मिरजेच्या हायस्कुलातले शिक्षक. पटवर्धनी दप्तरातून त्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे भाग छापले म्हणून हा सगळा काळ आपल्याला उघडून वाचता येतो. त्यांचे ऋण मोठे आहे. पण ते दप्तर मोठ्या दौलतीच्या सरदारांचे आहे. त्यात सावनूरकर दिसतो तो सतत कोणी तरी संशयाने पाहिलेला. सावनूरच्या दिवाणखान्यातून पुणे कसे दिसत होते, हे सांगणारी पत्रे तितकी छापलेलीही नाहीत आणि मराठीत तर नाहीतच.

आता नरगुंद, म्हणजे माझ्या विषयाचा गाभा. हे गाव पाहिले नसेल तर अवश्य पाहा. चौफेर सपाट काळे रान, आणि त्यात एकटा उभा डोंगर, त्यावर किल्ला. आजकाल नरगुंदचे नाव वर्तमानपत्रांत येते ते म्हादईच्या पाण्यासाठी तिथल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे धरलेल्या धरण्यामुळे. तेव्हा तिथे भावे घराणे होते. घर मराठी, रयत कानडी, आणि खंडणी जो वर असेल त्याला.

१७८० मध्ये पुण्याला इंग्रजांविरुद्ध हैदर हवा होता. त्या दोस्तीची किंमत म्हणून कृष्णेच्या दक्षिणेचा, हैदरने घेतलेला मुलूख त्याचा, असे पुण्याने मान्य केले. त्या मुलुखात नरगुंद होते. भाव्यांना कोणी विचारले नाही. कालपर्यंत पुण्याचा असलेला संस्थानिक एका तहाने श्रीरंगपट्टणचा झाला. हैदर व्यवहारी होता. जुनी खंडणी घेऊन त्याने भाव्यांना जागच्या जागी राहू दिले. १७८२ च्या डिसेंबरात तो वारला. टिपू गादीवर आला आणि त्याने व्यंकटराव भाव्यांकडे जास्त रक्कम मागितली. व्यंकटरावाने पुण्याकडे हात पसरले.

इथे नाना फडणीस आणि टिपू यांच्यात जो वाद झाला तो मला सगळ्या युद्धाहून महत्त्वाचा वाटतो. नानांचे म्हणणे थोडक्यात असे: नेहमीची खंडणी घ्यायचा तुमचा हक्क आम्हाला कबूल आहे. पण जहागीरदार एका दौलतीकडून दुसरीकडे गेला म्हणून त्याच्यावर जादा बोजा बसत नाही, आणि ज्याने दगा केला नाही त्याचे पूर्वापार चालत आलेले हक्क नव्या धन्याने चालवायचे असतात. टिपूचे उत्तर तुटक होते: आमच्या रयतेकडून काय घ्यायचे ते आम्ही ठरवू.

दोघे दोन वेगळ्या काळांतून बोलत आहेत. नानांच्या डोक्यात जुना दख्खन आहे: थरावर थर बसलेले हक्क, एकाच गावात दोघांचा अंमल, कोणीही पुरता मालक नाही. टिपूच्या डोक्यात एकच सरकार आणि बाकी सगळे रयत. नरगुंदसारख्याला जगायला जागा होती ती पहिल्या व्यवस्थेत. टिपूचे म्हणणे आज आपल्याला ऐकायला अगदी ओळखीचे वाटते. पुढे सगळ्याच सरकारांनी ते उचलले. इंग्रजांनी तर सर्वांत आधी.

१७८५ च्या मार्चच्या सुमाराला टिपूच्या फौजेने नरगुंदला वेढा घातला. त्या सपाट रानात उन्हाळ्यात पाणी कुठले? वर किल्ल्यात टाकी होती, खाली वेढा घालणारेच तहानेने हैराण झाले. गणेशपंत बेहरे आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा येऊन पोचल्या आणि म्हैसूरकरांना मागे हटावे लागले. नरगुंद सुटले असे वाटावे, अशी वेळ होती. तेवढ्यात टिपूच्या वकिलांनी पुण्यात सांगितले, की आमच्याकडे तुंबलेली पुण्याची दोन वर्षांची खंडणी चुकती करतो, तुम्ही फौज काढा. पावसाळा तोंडावर, पुण्याची पुरती तयारी नाही, आणि निजामाशी अजून ठरायचे होते. नानांनी फौजेला माघारी बोलावले. पटवर्धन कृष्णेच्या अलीकडे आले. टिपूच्या सरदारांनी आधी रामदुर्ग घेतले, मग पुन्हा नरगुंदला वळले, आणि जुलैअखेर व्यंकटरावाने किल्ला खाली केला. शरण येताना दिलेले वचन मोडले गेले. व्यंकटराव आणि त्याचा दिवाण काळोपंत पेठे बेड्या घालून कब्बलदुर्गला रवाना झाले.

नानांना मी दोष देतो का? राजकारणी म्हणून नाही. तयारी नसताना लढाई पत्करून हरले असते तर आपणच त्यांना नावे ठेवली असती. पण हिशेब लिहायचा तर पुरा लिहावा. दोन वर्षांच्या खंडणीच्या नुसत्या वायद्यावर नरगुंद वाऱ्यावर सुटले. न्यायाचा मुद्दा नानांनी मांडला तो पटण्याजोगा होता, त्यांनी तो मनापासून मांडला असेल, आणि वेळ आली तेव्हा तो मुद्दा बाजूला ठेवता आला. मोठ्या दरबाराला ही चैन परवडते.

पुढच्या साली तोच नरगुंदचा अन्याय कारण म्हणून पुढे झाला. पुणे आणि निजाम एक झाले, मे १७८६ मध्ये बदामी घेतली, वेढ्याच्या वेळी नाना स्वतः छावणीत हजर होते. टिपू तुंगभद्रा ओलांडून वर आला तेव्हा सावनूरच्या म्हाताऱ्या नवाबाची गाठ पुन्हा पडली. हैदरशी सोयरीक झाली तेव्हा पठाण स्वारांचे एक पथक म्हैसूरसाठी ठेवायचे ठरले होते. ते नीट ठेवले नाही म्हणून टिपूने थकबाकी लावली. नवाब पळून मराठी छावणीत आला. मुलगा, म्हणजे टिपूचा मेहुणा, सावनुरातच राहिला. बाप एकीकडे, मुलगा दुसरीकडे. हे घाबरून झाले की ठरवून, कोण जाणे. पण असे घर दोन्ही बाजूंना विभागून ठेवण्याची रीत या राज्यांत सगळीकडे होती आणि तिचा परिणाम वाईट होई. दरबारात कारकून नेमायचा, मुलीचे लग्न ठरवायचे, तरी पहिला प्रश्न हा, की हा पुण्याकडचा की पट्टणकडचा. राज्यातला प्रत्येक घरगुती तंटा परक्या दरबारात जाऊन बसे. टिपूने सावनूर लुटले, नवाबाचा वाडाही सुटला नाही. १७८७ च्या गजेंद्रगडच्या तहात नरगुंद, कित्तूर आणि बदामी मराठ्यांकडे आली. व्यंकटराव पुढे सुटला, भाव्यांकडे नरगुंद परतही आले. पण ‘मराठ्यांकडे आले’ आणि ‘भाव्यांकडे आले’ यांच्यामध्ये काही वर्षे गेली, हे विसरू नये.

गोव्याकडे वळतो, कारण आजच्या गोव्याचा नकाशासुद्धा याच रस्सीखेचीत रेखला गेला आहे. शिरसीजवळ सोंदे म्हणून संस्थान होते. फोंड्यापासून काणकोणपर्यंतच्या पट्ट्यावर त्याचा जुना हक्क. फोंडे मात्र मराठ्यांकडे गेलेले. बेदनूर पाडून हैदर सोंद्यावर आला. राजाला ना पुण्याकडून आशा, ना स्वतःचे बळ. तो पोर्तुगीजांच्या आश्रयाला गेला. पोर्तुगीजांनी १७६३-६४ मध्ये त्याच्या नावाने फोंडे, केपे, सांगे, काणकोण हा भाग ताब्यात घेतला, राजाला नेमणूक बांधून दिली, आणि १७९१ च्या तहाने तो मुलूख कायमचा आपल्या नावे करून घेतला. राजघराणे बांदिवड्याला नागेशीजवळ राहू लागले. गंमत अशी, की सोळाव्या शतकात तिसवाडी आणि साष्टीतून हलवलेले देव याच मुलुखात, फोंड्यात, येऊन बसले होते: मंगेशी, म्हार्दोळ, शांतादुर्गा. ज्यांच्यापासून पळून देव तिथे आले तेच सत्ताधारी दोनशे वर्षांनी मागोमाग आले. पण तोवर दिवस बदलले होते. लोकांच्या धर्माला आणि चालीरीतींना हात लावणार नाही, असे त्यांना कबूल करावे लागले. एका राजाचे राज्य गेले तरी देवळे राहिली.

सगळीकडे असे झाले नाही. १७९१ मध्ये टिपूविरुद्धच्या लढाईत पटवर्धनांची फौज धारवाड घेऊन दक्षिणेकडे सरकली तेव्हा फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. मूर्तीचीही विटंबना झाली. स्वामींनी दाद मागितली ती टिपूकडे. त्याने मदत पाठवली आणि जी कानडी पत्रे लिहिली ती १९१६ मध्ये मठात सापडली. मिरजेत उभा राहून हे सांगणे सोपे नाही, पण न सांगणे त्याहून वाईट. शंकराचार्यांच्या मठाला पुण्याच्या फौजेपासून संरक्षण म्हैसूरच्या सुलतानाकडे मागावे लागले. या मुलुखात कोण आपला नि कोण परका, हे फौज कुठल्या बाजूने येते त्यावर ठरत होते.

४ मे १७९९ रोजी टिपू पडला. १८१८ मध्ये पेशवाई गेली. आता दोघांपैकी एकही नाही, म्हणजे मधल्यांना हायसे वाटायला हवे होते. कित्तूरकडे पाहा. मल्लसर्जा देसाई टिपूच्या कैदेत पडला होता; तिथून निसटून आला, अशी तिकडची हकीकत. पुढे दुसऱ्या बाजीरावाने त्याला पुण्यात अडकवून ठेवले, आणि सुटून परत जाताना १८१६ मध्ये तो वाटेतच वारला. दोन्ही धन्यांचा पाहुणचार भोगलेले असे घर. १८१८ मध्ये कित्तूरकरांनी पेशव्याविरुद्ध इंग्रजांना साथ दिली आणि राज्य राखले. सहा वर्षांनी मल्लसर्जाचा मुलगा निपुत्रिक मेला. दत्तकाला धारवाडच्या थॅकरे कलेक्टराने नकार दिला आणि खजिन्याला सील ठोकले. राणी चन्नम्माने लढाई दिली. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी थॅकरे किल्ल्यापुढे मारला गेला. डिसेंबरात किल्ला पडला आणि राणी बैलहोंगलच्या कैदेत वारली. राणीचे शौर्य सर्वांना ठाऊक आहे. मला त्यातली अडचण दाखवायची आहे. असा दत्तकाचा तंटा पन्नास वर्षांपूर्वी उठला असता तर पुण्याने नजराणा मागितला असता, घासाघीस झाली असती, पुणे फारच अडून बसले असते तर वकील श्रीरंगपट्टणच्या वाटेला लागला असता. आता वकील पाठवायला दुसरे दारच उरले नव्हते.

नरगुंदचेही तेच. पुन्हा दत्तक नामंजूर. १८५८ च्या मे महिन्यात बाबासाहेब भाव्यांनी सुरेबानला मॅन्सन या पोलिटिकल एजंटाला मारले, आणि १२ जूनला बेळगावात त्यांना फाशी झाली. रामदुर्गचे संस्थानिक त्यांचे सावत्र भाऊ. तिकडे जाऊ नका, असे त्यांनी मॅन्सनला आधी बजावले होते. रामदुर्ग टिकले.

आणि सावनूर? सर्वांत चंचल म्हणून ज्याची अपकीर्ती झाली, तो नवाब लुटला गेल्यावर पुण्याच्या तनख्यावर जगत होता, आणि तो तनखाही वेळेवर मिळत नसे. त्याने तक्रार नेली ती इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीकडे. दोन धनी गेले तेव्हा त्याने तिसरा गाठला. वेलस्लीने बाजीरावाकडे शब्द टाकला, तेव्हा रोख तनख्याऐवजी ४८ हजारांच्या उत्पन्नाची गावे नवाबाच्या घराण्याला मिळाली. ती त्याने सोडली नाहीत. पेशवाई गेली तरी ती गावे त्याच्याकडेच राहिली, आणि १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन होताना सावनूरला नवाबच होता.